‘काही’वरचं नसलेलं टिंब

सप्टेंबरात एका दिवाळी अंकाच्या ललित लेखावर मी खूण केली: ‘कांही’तला अनुस्वार काढावा. लेखक ऐंशीच्या पुढचे. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले, पण त्या पिढीतल्या कितीतरी हातांतून ते गेले नाहीत. त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. एकाच पानावर तीन ठिकाणी खुणा केल्या आणि फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “ताई, ‘कांही’ असं मी गेली चाळीस वर्षं लिहिलेलं नाही. तुम्हाला ते कुठे दिसलं?”

फाइल उघडली. ‘काही’. स्वच्छ, बिनटिंबाचं. पान खाली सरकवलं, पुन्हा वर आणलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या शब्दाच्या डोक्यावर टिंब येऊन बसलं.

मी सांगलीत, विश्रामबागला राहते. २१ वर्षं मुद्रितशोधन करते आहे. सुरुवातीची वर्षं कागदावर, लाल शाईने. आता जवळजवळ सगळं पडद्यावर. संगणक २०१७ साली सुटे भाग जोडून घेतलेला, मॉनिटर २२ इंची, आणि लिनक्स मिंट या मुक्त संगणकप्रणालीची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती त्यावर पहिल्या दिवसापासून आहे. अनंत चतुर्दशी झाली, घरातली वर्दळ ओसरली, म्हणून मी मिंट २१.३ वरून २२ वर गेले. फाइली, फॉन्ट, प्रिंटर सगळं सुखरूप आलं. त्याच आठवड्यात पडदा बिघडला.

बिघाड दोन तऱ्हांनी दिसायचा. पान सरकवलं की आधीच्या ओळींचे तुकडे मागे राहायचे: कुठे उकाराचं शेपूट, कुठे शिरोरेषेचा तुकडा, कुठे नुसता एक ठिपका. मेनू उघडला की त्याच्याभोवती काळे चौकोन दिसायचे. आणि मधूनच, काही कारण नसताना, सगळा पडदा दोन सेकंद काळा व्हायचा. काळा होण्याआधी कधीकधी पांढरे कण चमकून जायचे. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात लक्षात आल्या, म्हणून मी त्यांना एकच आजार समजून बसले. पुढचा आठवडा त्यातच गेला.

देवनागरीत अर्थ अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी असतो. रग आणि रंग, मद आणि मंद, वश आणि वंश यांच्यात अंतर एका टिंबाचं आहे, आणि माझ्या पडद्यावर ते टिंब चार-पाच ठिपक्यांचं आहे. पडद्यावर नसलेलं टिंब दिसू लागलं की मुद्रितशोधकाच्या हातात काही उरत नाही. त्या दिवसांत मी प्रत्येक अनुस्वारापाशी थांबून, शब्द माउसने निवडून, सोडून, पुन्हा बघत होते. आठ पानांना चार तास लागले.

घाईत मी केलं ते असं: खिडक्यांच्या सावल्या बंद केल्या, थीम बदलली, जुना कर्नल (प्रणालीचा गाभा) निवडून संगणक सुरू केला, मॉनिटरच्या बटणांनी त्याची मूळ सेटिंग परत आणली, आणि हे सगळं एकाच दुपारी. संध्याकाळी पडदा थोडा बरा वाटला, सकाळी पुन्हा तोच. कशाने बरा वाटला होता, ते सांगता येईना. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, पॅनल गेलाय. नवीन मॉनिटर घ्या.” मी घ्यायला निघालेही होते.

पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, एक सांग. टिंब दिसतं तेव्हा तू स्क्रीनशॉट घेतलास, की फोनने पडद्याचा फोटो काढलास?”

“फोटो काढला.”

“मग आता स्क्रीनशॉट घे. त्यात टिंब आलं तर मॉनिटरला हात लावू नकोस.”

एवढ्या साध्या तपासणीने माझं सगळं काम सोपं झालं. ती का चालते ते मला नीट समजून घ्यावंसं वाटलं, म्हणून मी आमच्या छापखान्याच्या भाषेत ते माझ्या वहीत लिहून ठेवलं. मजकूर उघडणारा प्रोग्राम आपलं पान रंगवतो. हा झाला खिळे जुळवणारा जुळारी. कंपोझिटर नावाचा दुसरा प्रोग्राम सगळ्या खिडक्या एकावर एक मांडून पूर्ण पडदा तयार करतो. हा फर्मा, म्हणजे छपाईसाठी पानांची चौकट, बांधणारा. बांधलेला फर्मा ग्राफिक्सच्या स्मृतीत ठेवला जातो. तिथून ग्राफिक्सचं एक वेगळं सर्किट सेकंदाला साठ वेळा तो वाचून केबलमधून पाठवतं. पलीकडे मॉनिटरचं स्वतःचं सर्किट तो घेतं आणि पॅनलवर उमटवतं. स्क्रीनशॉट हा स्मृतीतल्या फर्म्याचा ठसा आहे. केबल आणि मॉनिटर त्याच्या वाटेत येतच नाहीत. म्हणजे दोष स्क्रीनशॉटमध्ये उतरला तर तो फर्मा बांधून होईपर्यंतच झालेला आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल आणि फोनच्या फोटोत मात्र दोष असेल, तर तो पुढच्या वाटेवर झालेला आहे.

इथे दोन बारकावे सांभाळावे लागतात. प्रिंट-स्क्रीनची कळ दाबल्यावर जी खिडकी उघडते, ती मिटताना तेवढा भाग पुन्हा रंगवला जातो आणि दोष पुसला जाऊ शकतो. म्हणून स्क्रीनशॉटला पाच सेकंदांची मुदत द्यावी, त्या वेळात पान सरकवून दोष उभा करावा आणि हात बाजूला घ्यावा. दुसरं म्हणजे माउसचा बाण बहुतेक वेळा फर्म्यात नसतो. तो ग्राफिक्सचं सर्किट वरून वेगळा चिकटवतं. त्यामुळे फक्त बाणच फाटलेला दिसत असेल, तर ही परीक्षा त्याला लागू नाही. लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट आहे. ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ नावाची वीज वाचवण्याची सोय असते. चित्र बदलत नसेल तेव्हा पॅनल स्वतःजवळची प्रत दाखवत राहतो आणि संगणक विश्रांती घेतो. त्या देवघेवीत गोंधळ झाला तर पडदा लुकलुकतो आणि स्क्रीनशॉट मात्र स्वच्छ येतो. तेव्हा नव्या केबलचा विचार करण्याआधी ही सोय बंद करून पाहावी. माझा संगणक टेबलावरचा, त्यामुळे हा रस्ता मला घ्यावा लागला नाही.

मी परीक्षेसाठी एक फाइल केली. त्यात एकच शब्द, ‘काही’, हजार वेळा. अनुस्वार एकही नाही. आता पडद्यावर दिसणारं प्रत्येक टिंब खोटं, हे ठरलेलं. ती फाइल वर-खाली सरकवली, पाच सेकंदांनी स्क्रीनशॉट निघाला, आणि त्यात नऊ टिंबं होती. मॉनिटर निर्दोष होता.

पण मग काळा पडदा? तो स्क्रीनशॉटमध्ये कधीच येईना. तीन वेळा फोनवर त्याचं चित्रण मिळालं. त्याच क्षणी निघालेला स्क्रीनशॉट मात्र स्वच्छ. तेव्हा मला पटलं की आजार एक नाही, दोन आहेत, आणि दोघांची वस्ती वेगवेगळ्या मुक्कामांवर आहे. वहीचं पान उभं दुमडलं, डावीकडे ‘टिंब’, उजवीकडे ‘काळोख’, आणि त्यापुढे प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं.

आधी काळोख घेतला, कारण तो मोजता येत होता. चार दिवस प्रत्येक वेळ लिहून ठेवली. सकाळी ६:४०, ६:४२, ७:१५. मग दिवसभरात विखुरलेल्या वेळा, साधारण अर्ध्या-पाऊण तासाने. चौथ्या दिवशी ती पानं स्वयंपाकघरात ओट्याशी बसून वाचत होते. फ्रिज घरघरून सुरू झाला. उठून घड्याळ पाहिलं आणि पडद्याच्या चित्रणाशी ताडून पाहिलं. तीच वेळ. सकाळच्या तीन वेळा तर आमच्याकडे पाणी येण्याच्या होत्या. पाणी आलं की टाकी भरायला मोटर लागते, आणि शेजाऱ्यांचीही लागते.

ह्यांना म्हटलं, खाली जाऊन मोटर पाच वेळा चालू-बंद करा, मध्ये दोन-दोन मिनिटं जाऊ द्या. मी वर पडद्यासमोर. पाचपैकी चार वेळा पडदा काळा झाला.

मोटर किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू किंवा बंद होताना विजेच्या तारांत क्षणभर झटका उठतो आणि आसपासच्या केबलमध्ये तो शिरू शकतो. एचडीएमआयच्या माझ्या जोडणीतून १९२० गुणिले १०८० चं चित्र सेकंदाला साठ वेळा जातं. पडद्यावर दिसणारे ठिपके सेकंदाला १२ कोटी ४४ लाख. ओळींच्या आणि चौकटींच्या मधल्या न दिसणाऱ्या जागा धरल्या की आकडा १४ कोटी ८५ लाखांवर जातो. या चित्राच्या माहितीत वाटेत चूक झाली तर ती दुरुस्त करण्याची सोय जोडणीतच नाही. थोड्या चुका झाल्या तर पांढरे कण चमकतात. फार झाल्या तर मॉनिटरचा ताल सुटतो, तो चित्र सोडून देतो, आणि पुन्हा ताल पकडेपर्यंत दोन सेकंद काळोख. माझ्या पडद्यावर हाच क्रम होता: आधी कण, मग काळोख.

हे खरं असेल तर केबलवरचा भार कमी केल्यावर काळोख थांबायला हवा. मी आधी सेकंदाला साठऐवजी पन्नास चित्रं असा वेग निवडला. काहीच फरक नाही. नंतर कळलं की १०८० ओळींच्या ठरलेल्या मापात पन्नासच्या वेगालाही ठिपक्यांचा दर तोच, १४ कोटी ८५ लाख. फक्त न दिसणारी जागा वाढते. मग १२८० गुणिले ७२० हे माप घेतलं. त्याचा दर बरोबर निम्मा, ७ कोटी साडेबेचाळीस लाख. अक्षरं जाडीभरडी दिसत होती, डोळे दुखले, पण तीन दिवसांत एकदाही काळोख नाही. मोटर चालू, फ्रिज चालू, पडदा शांत.

आणखी एक गोष्ट करून पाहिली, कारण ती खिडकी दिवसभर उघडी ठेवायला सोपी होती. टर्मिनलमध्ये ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’ हा आदेश चालू ठेवला की संगणकाला जोडलेल्या वस्तूंची ये-जा ओळीओळीने दिसते. मी मुद्दाम केबल उपसली, लगेच ओळ उमटली. पण काळोखाच्या वेळी एकही ओळ नाही. म्हणजे जोडणी तुटल्याचं संगणकाला कळतच नव्हतं, तो आपला निमूट चित्र पाठवत होता. गोंधळ पुढे, वाटेत होत होता. कर्नलच्या नोंदीतही ग्राफिक्स अडकल्याची तक्रार नव्हती.

केबल टेबलामागून काढली. पाच मीटरची. पूर्वी सीपीयू खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होता तेव्हा घेतलेली, नंतर तीच गुंडाळून मागे कोंबलेली, आणि तिचं वेटोळं थेट एक्स्टेन्शन बोर्डावर पडलेलं. मॉनिटरकडचं टोक भिंतीला टेकून वाकलेलं. दीड मीटरची जाड, चांगल्या आवरणाची केबल आणली, बोर्डापासून दूर सरळ नेली आणि माप पुन्हा १०८० केलं. दिवसाला नऊ-दहा वेळा होणारा काळोख दोनवर आला.

दोन म्हणजे संपलेला नाही. वायरमनला बोलावलं. त्यांनी त्या खोलीचा सॉकेट उघडला, तर अर्थिंगची तार स्क्रूमधून सुटून नुसती टेकलेली. फ्रिज त्याच भिंतीच्या पलीकडे, त्याच लाइनवर. तार घट्ट केली. तेव्हापासून उजवा रकाना कोरा आहे. अर्थिंगचं काम पडद्यासाठी नाही, जिवासाठी असतं, आणि ते सुटलेलं होतं हे पडद्यामुळे कळलं. ज्यांच्या घरात संगणक जुन्या सॉकेटवर आहे त्यांनी ते एकदा तपासून घ्यावं, पडदा लुकलुकत नसला तरी.

आता टिंब.

स्क्रीनशॉटमध्ये उतरणारा दोष म्हणजे तीन संशयित: मजकुराचा प्रोग्राम, कंपोझिटर, किंवा त्याखालचा एक्स सर्व्हर (खिडक्या पडद्यावर आणणारी व्यवस्था) आणि ग्राफिक्स चिप चालवणारा ड्रायव्हर. पहिल्याला सोडायला पाच मिनिटं लागली. माझी हजार ‘काही’ची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, तिचीच पीडीएफ करून पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामात उघडली. दोन्हीकडे खोटी टिंबं.

दुसरा कंपोझिटर. एक्सएफसीईमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ या खिडकीत तो एका टिचकीने बंद होतो. बंद केल्यावर मेनूभोवतीचे काळे चौकोन गेले, टिंबं मात्र राहिली. पहिल्या आठवड्यात मी सावल्या बंद केल्यावर पडदा ‘थोडा बरा’ का वाटला होता, त्याचं उत्तर इथे मिळालं: दिसणाऱ्या दोषांतला ठळक भाग झाकला गेला होता.

कंपोझिटरबद्दल थोडं सांगते, कारण मला तो भाग फार आवडला. एक्स ही खिडक्यांची व्यवस्था १९८४ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, जिला आपण एक्स-११ म्हणतो, १९८७ ची. मिंटची एक्सएफसीई आवृत्ती आजही तिच्यावरच चालते. त्या काळी प्रत्येक प्रोग्राम थेट पडद्यावर रंगवत असे. सगळ्या खिडक्या आधी बाजूला रंगवून मग एकत्र मांडायच्या, ही सोय तिला २००४ च्या सुमारास जोडली गेली. तिच्यात ‘डॅमेज’ नावाचा भाग आहे. पडद्याचा कुठला तुकडा बदलला, एवढीच खबर तो कंपोझिटरला देतो, म्हणजे सगळं पान पुन्हा रंगवावं लागत नाही. प्रुफात फक्त बदललेल्या ओळी पुन्हा जुळवतात तसंच. ती खबर चुकली, किंवा खबर आली पण तुकडा अजून रंगून झालेला नसला, तर जुनी ओळ तिथेच राहते. माझ्या टिंबांचा स्वभाव हाच होता: ती नव्याने उमटत नव्हती, जुन्या ओळींची राहून गेलेली होती. एकदा एक टिंब मोठं करून पाहिलं तर ते वरच्या ओळीतल्या उकाराचं तळटोक निघालं.

कंपोझिटर बंद असूनही टिंबं राहतात म्हणजे दोष त्याच्या खाली. इथून पुढे मी दोन गोष्टी केल्या, आणि त्या कुणालाही करता येतील. संगणकावर नवा वापरकर्ता तयार केला, त्याच्या खात्यात शिरून तीच फाइल सरकवली. टिंबं होती. म्हणजे माझ्या घरच्या फोल्डरमधल्या सेटिंग निर्दोष. मग मिंट २२ पेन ड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू केला, डिस्कला हात न लावता. हजार ‘काही’, वीस वेळा वर-खाली. एकही टिंब नाही.

तेच यंत्र, तीच ग्राफिक्स चिप, तोच कर्नल, तीच एक्स. कोरं मिंट स्वच्छ आणि माझं मिंट डागाळलेलं. माझ्या घरच्या फोल्डरमध्ये दोष नाही, कोऱ्या मिंटमध्येही नाही. म्हणजे जे काही आहे ते व्यवस्थेच्या सामायिक सेटिंगमध्ये, आणि ते मीच कधीतरी तिथे ठेवलेलं.

एक्स सुरू होताना स्वतःची नोंद लिहिते. माझ्या संगणकावर ती ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात ‘एक्सऑर्ग शून्य’ अशा नावाने असते. पेन ड्राइव्हवरच्या मिंटची नोंद दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, मग माझी नोंद काढली. दोन फाइलींतला फरक दाखवणारे आदेश आहेत, पण या नोंदीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळेचा आकडा असतो आणि तो दोन्हींत वेगळा, त्यामुळे आदेशाने सगळ्याच ओळी वेगळ्या दाखवल्या. आकडे काढून टाकता येतात, भाच्याने नंतर सांगितलं. पण तोवर मी दोन्ही नोंदी कागदावर छापल्या होत्या, शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, आणि पट्टी लावून ओळीमागून ओळ उतरू लागले होते. मूळ प्रत डावीकडे, मुद्रित उजवीकडे. २१ वर्षं हेच करते आहे, आणि संगणकाच्या दुरुस्तीत ते कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या नोंदीच्या डोक्यावरच खुणांची किल्ली छापलेली असते. कंसात दोन बरोबरची चिन्हं म्हणजे ‘ठरलेली मूळ सेटिंग’. दोन आडव्या रेघा म्हणजे ‘यंत्राकडून विचारून घेतलं’. दोन इंग्रजी ई म्हणजे चूक, दोन डब्ल्यू म्हणजे इशारा. आणि दोन तारका म्हणजे ‘सेटिंगच्या फाइलमधून आलं’. मी आधी चुका शोधत होते, ई आणि डब्ल्यू. ते दोन्ही नोंदींत जवळजवळ सारखे होते. पट्टी तिसऱ्या पानावर पोचली तेव्हा उजवीकडे दोन तारकांच्या ओळी सुरू झाल्या, डावीकडे तिथे त्या नव्हत्या. ड्रायव्हरचं नावही वेगळं: कोऱ्या मिंटमध्ये ‘मोडसेटिंग’ हा एक्सबरोबर येणारा सामायिक ड्रायव्हर, माझ्याकडे त्या चिपचा जुना, वेगळा ड्रायव्हर. तो आपण होऊन आलेला नव्हता, कुणीतरी फाइलमध्ये लिहून त्याला बसवलं होतं.

‘ईटीसी’मधल्या ‘एक्स-११’ फोल्डरात, सेटिंगच्या तुकड्यांच्या जागी, २० या आकड्याने सुरू होणारी एक फाइल होती. तारीख २०१८ ची. उघडली आणि आठवलं. तेव्हा व्हिडिओ बघताना चित्र मधोमध आडवं फाटल्यासारखं दिसायचं. कुठेतरी वाचून मी सात ओळींची ही फाइल तिथे ठेवली होती, आणि तेव्हा फाटणं खरंच थांबलं होतं. त्यानंतर मिंट १९, २०, २१, २२ अशा आवृत्त्या येत गेल्या, आणि प्रत्येक वेळी माझी ही फाइल जशीच्या तशी पुढे नेली गेली, जसं माणसाने ठरवून लिहिलेलं काही कुणी खोडू नये तसं. खालचं सगळं बदललं, तिच्यातला सल्ला २०१८ चाच राहिला.

फाइल पुसली नाही. एक्स त्या फोल्डरातल्या ठरावीक शेवटाच्याच फाइली वाचते, ‘कॉन्फ’ असा शेवट असलेल्या. मी नावाचा शेवट बदलला, त्याआधी टाइमशिफ्टने पूर्ण व्यवस्थेची प्रत घेतली, आणि संगणक पुन्हा सुरू केला. पडदा आला. नोंद उघडली: तारकांच्या त्या ओळी गेलेल्या, ड्रायव्हर ‘मोडसेटिंग’. कंपोझिटर पुन्हा चालू केला, सावल्यांसकट. हजार ‘काही’ची फाइल पन्नास वेळा सरकवली. मग फाइलचं नाव पुन्हा पूर्ववत केलं, संगणक सुरू केला, टिंबं परत आली. पुन्हा नाव बदललं, टिंबं गेली. हा उलटा-सुलटा फेरा मला महत्त्वाचा वाटतो. नाहीतर पहिल्या आठवड्यासारखं, बरं कशाने वाटलं तेच कळत नाही.

ज्यांनी ही फाइल माझ्यासारखी कधीकाळी ठेवली असेल त्यांनी ती लगेच काढावी असं मी म्हणणार नाही. एखाद्या यंत्राला तिची गरज असेलही. पण आवृत्ती बदलल्यावर पडदा बिघडला, तर दोन तारकांच्या ओळी आधी वाचाव्यात. तिथे आपलं स्वतःचं हस्ताक्षर सापडू शकतं.

त्यानंतर दोन दिवस मी त्या आठवड्यात पाहिलेले सगळे लेख पुन्हा काढले. तीन लेखांत मिळून सात खुणा खोट्या निघाल्या. पाच अनुस्वार, एक उकार, आणि एका कवितेत ‘वश’वर केलेली खूण, जिथे कवीने ‘वश’च लिहिलं होतं. सातही परत घेतल्या आणि ज्यांच्या त्यांना कळवलं. ज्येष्ठ लेखकांना फोन केला तेव्हा त्यांनी सगळी हकिकत शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “म्हणजे माझा उकार वरच्या ओळीतून खाली घसरला होता?” मी हो म्हटलं. त्यांनी ते आपल्या डायरीत लिहून ठेवतो असं सांगितलं.

एक गोष्ट राहिली आहे. जुनी फाइल गेल्यापासून व्हिडिओ पाहताना चित्र क्वचित आडवं फाटतं, २०१८ सारखंच, पण पुष्कळ कमी. एक्सएफसीईच्या कंपोझिटरला पडद्याच्या तालाशी जुळवून घेण्याचे दोन-तीन पर्याय आहेत, आणि कुठला निवडायचा ते सेटिंगमध्ये बदलता येतं. दिवाळी अंकांची शेवटची पानं छपाईला जाईपर्यंत मी तिथे हात लावणार नाही. वहीत नव्या पानावर तिसरा रकाना आखला आहे, ‘फाटणं’, आणि त्याखाली पहिली वेळ लिहिली आहे: रविवार, रात्री ९:२०, फ्रिज बंद.